बाराचा डबा, चोवीसची मोटर

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर तर वाईटच. ही वही कुणी वाचली तर माफ करावं. चौथीनंतर पेन फारसं हातात आलं नाही. आकडे मात्र मला नीट वाचता येतात, आणि तेच खुपतं.

आमच्या यांचा एक पाय लहानपणी पोलिओने गेला. मेहरूणच्या घरून बसस्टँडपाशी घड्याळं दुरुस्त करायला हे तीनचाकी सायकल हाताने फिरवत जायचे. चढावर खांदा भरून यायचा. खांदा गेला की धंदा गेला. म्हणून जेठांनी, यांच्या थोरल्या भावाने, भंगारातून ट्रकची लहान मोटर आणून सायकलला बसवली. वेग कमी-जास्त करायचा डबा धुळ्याच्या रेडिओवाल्याने एका बॅटरीपुरता बनवून दिला. पैसे जेठांचे, उसने.

बाराच्या एका बॅटरीवर सायकल सपाटीला चालायची, चढाला अडायची. पुसताना मी पाहिलं, मोटरच्या पट्टीवर २४ व्होल्ट होतं, डब्यावर १२.

दुसऱ्या दिवशी जेठ तसलीच दुसरी बॅटरी घेऊन आले. थंडीत ट्रॅक्टर अडला की ते असंच करायचे.

"एक बॅटरीमा दम नही शे. दुसरी जोड."

"भाऊ, डबा जळणार नाही ना?" हे म्हणाले.

"तू तुन्हा घड्याळनं देख!"

जेठांसमोर बोलायची आमच्यात रीत नाही. बारा नि बारा चोवीस, आणि डबा तर बाराचाच. मी दाराआडून कडी वाजवली. यांनी वळून पाहिलं. मी बोटाने डबा दाखवला. यांना वाटलं, चहाचं विचारते.

"हो, ठेव दोन कप," म्हणाले.

मी चहा ठेवायला गेले. कप घेऊन आले तोवर अंगणात जळका वास पसरला होता.

जळका डबा घेऊन आम्ही धुळ्याला गेलो. रेडिओवाल्याने तो उलटा करून पाहिला. "वहिनी, बारा लिहिलंय की यावर. तुमच्या घरात कुणाला वाचता येत नाही का?" मी पदर ओढून उभी राहिले. हे माझ्याकडे बघून ओशाळं हसले.

चोवीसचा नवा डबा बनायला महिना गेला. तोवर स्टँडपाशी यांच्या जागी दुसराच घड्याळवाला बसला. हे मागच्या गल्लीत गेले; तिथे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. सायकल आता चढ चढायची, पण कमाई अर्धी राहिली.

"दोन्ही डब्यांचे पैसे द्या," जेठ म्हणाले. पहिला कुणी जाळला, ते कुणी विचारलं नाही. मी साड्यांना फॉल लावले, ब्लाऊज शिवले. आकडे मी वाचले होते, हे यांना आजवर सांगितलेलं नाही.

तीन वर्षांनी शेवटचे शंभर रुपये जेठाणीच्या हातात ठेवले. तिने आत जाऊन जेठांना विचारलं आणि येऊन म्हणाली, "बठ्ठा फिटना." सगळं फिटलं म्हणे.