सवय होईल, म्हणे

पेडगावच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा संस्थानातले जिल्ह्याचे कलेक्टर, तालुकदार साहेब, दौऱ्यावर येणार म्हणून वेशीबाहेर रांग लावली होती. रांग मानाप्रमाणे: आधी देशमुख, मग पाटील, पटवारी, सावकार आणि अगदी शेवटी विद्या, म्हणजे मी. माझ्यानंतर फक्त सलामीची उखळी. दारू ठासून भरलेली, माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर.

मी जरा सरकलो. पाटील ओरडले, "मास्तर, जागा सोडू नगा! रांग मोडलेली दिसली तर साहेब काय म्हणतील?"

तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उठला आणि कोणीतरी बत्ती दिली. धुरळ्यातून कडब्याची बैलगाडी बाहेर आली. बैल उधळले. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. सलामी कडब्याला मिळाली आणि माझ्या कानात जी शिटी सुरू झाली ती थांबलीच नाही.

ऐकू सगळं येत होतं. गेली ती शांतता. दुपारी ओसरीवर पुस्तक घेऊन बसणं ही माझी एकुलती एक चैन. आता अर्धं पान वाचावं आणि पुढे शिटीच ऐकत बसावं.

परभणीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कानात डोकावून सांगितलं, "कुछ नै मास्टरसाब, आदत हो जाती."

"कितने दिन में?"

"हो जाती."

औषध सापडलं नाही की काम रोग्याकडेच सोपवायचं, आणि वर त्याची फीही घ्यायची!

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "होईल की. मला न्हाई का सासूबाईंच्या बोलण्याची झाली?"

"खरंच झाली?"

तिने माजघराकडे पाहून आवाज खाली आणला. "न्हाई ओ. पण त्यांला वाटायलंय, झाली म्हणून."

तेव्हा माझ्या संतापाला नेमकं कारण सापडलं. सवय झाली हे नेहमी दुसराच ठरवतो. वेठीला धरून आणलेल्या माणसांबद्दल पाटीलही हेच म्हणत: त्यांला सवय हाय.

पुढे कापसाच्या हंगामात कळलं, की परभणीच्या जिनिंगमधल्या घरघरीत शिटी बुडते. मग दर शुक्रवारी, संस्थानी सुट्टीच्या दिवशी, रेल्वेने जाऊन रुईच्या गठाणीला टेकून वाचू लागलो. दोन जाड पुस्तकं संपवली. पण हंगाम संपला, यंत्रं थांबली, आणि शिटी होती तिथेच होती. तरी हट्टाने जाऊन बसलो.

तिथला राखणदार म्हणाला, "मास्तर, आता झाली असंल की कानाला सवय?"

"नाही झाली!" मी जवळजवळ खेकसलो. "आणि होणार की नाही, तेही मला ठाऊक नाही."

"बरं बरं. मंग वाचताव कसं?"

"एकेक ओळ तीनतीनदा."

"मंग मोठ्यानं वाचा की. मलाबी ऐकू द्या."

मी वाचू लागलो. दुसऱ्या पानाला तो पेंगला, तिसऱ्याला घोरू लागला. शिटी चालूच होती. मी आवाज चढवला आणि पान उलटलं.