ढेप कमी पडली

देवाशी माझं भांडण होतं. सगळं मिटलं असं आजही म्हणणार न्हाई. लेक एचआयव्हीच्या आजारात गेला. सून तवा गरोदर. तपासणीत तिलाही तेच निघालं. आमची म्हातारी मात्र देवाला सोडायला तयार नव्हती. तिनं गुळाची ढेप आणून डब्यात ठेवली आणि नवस बोलली, नातवंड या ढेपीएवढं भरलं की देवापुढं त्याची तुला करीन.

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, आजाराची गोळी जन्मभर घ्यायची, ती चुकवायची न्हाई. आणि सोबत ही व्हिटॅमिनची, आईच्या अंगात ताकद असली तर लेकराला बाळसं धरायला मदत होते. आळीतल्या बाया म्हणायच्या, गोळ्यांनी पोर पोटात लई वाढतं, बाळंतीण अडते. म्हातारी म्हणायची, "वाढू दे की. वाढायलाच देतेय." आणि सुनेनं गोळी गिळेपर्यंत समोरून हलायची न्हाई.

नात झाली. लहानखुरी, पण तपासणीत तिच्यात आजार निघाला न्हाई. मग थंडीत म्हातारीची छाती भरली आणि ती गेली. सुनेनं अंथरूण धरलं, गोळ्या बंद केल्या. अंगावरचं दूध आटत चाललं, पोरीचं वजन जागच्या जागी. मला गोड बोलता येत न्हाई. पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढं बसलो, म्हणलं, "आधी गोळी, मग रडणं. रडायला मी पण हाय संगं." तिनं घेतली. तवापासून म्हातारीच्या जागी रोज मी बसायला लागलो. देवपूजा सोडलीच होती. माझी पूजा तेवढीच.

पोरगी बसायला लागली, गाल वर आले. सून म्हणाली, मामा, सासूबाईंचा नवस फेडू. ढेप घेऊन देवळात गेलो. तिथले पंच म्हणाले, तुला करा, पण गूळ वाटू नका, तुमच्या घरचा गूळ कुणी घेणार न्हाई.

"मग असला देव मी पण घेत न्हाई," म्हणलं, ढेप खांद्यावर मारली आणि निघालो.

परतताना केजच्या स्टँडवर जीप बदलायची होती. ऊन लई, पोरगी रडून लाल झालेली, म्हणून एका फळवाल्या चाचांच्या सावलीला टेकलो. त्यांनी पाणी दिलं आणि गूळ कुठं चालवला ते विचारलं. सूनच बोलली, आजारासकट सगळं. आता हाकलणार म्हणून मी ढेपीला हात घातला. चाचांनी मोठ्या तराजूचं पारडं रिकामं केलं, खांद्यावरच्या रुमालानं पुसलं.

"बसवा बेटीला."

एकीकडं नात, दुसरीकडं म्हातारीची ढेप. नातीचं पारडं खाली गेलं ते टेकलंच. "बाबा, तुमची ढेप कमी पडली," म्हणत चाचा ढेपीशेजारी आपले पेरू ठेवत गेले, काटा मधोमध येईपर्यंत. मग ढेपीचा कोपरा फोडून आधी स्वतःच्या तोंडात टाकला. उरलेला सुनेनं स्टँडवर ज्यानं हात पुढं केला त्याला वाटला.

चमत्कार झाला का, मला ठाऊक न्हाई. म्हातारीनं ढेपीएवढं मागितलं होतं, मिळालं त्याहून जास्त. त्या पंचांपुढं मी जन्मात वाकणार न्हाई, पण त्या तराजूपुढं मान आपोआप खाली गेली. देवावर भार टाकणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मला वाटायचं. तसं न्हाई. आपली ढेप आपण ठेवायची. कमी पडली तर तो कुणाच्या हातानं पेरू ठेवील, सांगता येत न्हाई.

घरी येऊन म्हातारीच्या फोटोपुढं गुळाचा खडा ठेवला. मग तांब्या भरला आणि सुनेला हाक मारली. आधी गोळी.