आधी विरोधकाच्या घरी

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. दादाला जाऊन दोन महिने झाले आणि पारावर रोज संध्याकाळी एक नवा दादा तयार होतोय. मी जवळ गेलो की सगळे गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतो, "बस की धाकले, तुझ्या दादाचंच चाललंय." मी बसतो. सगळे हसतात, हसून झालं की आपापल्या घरी जातात. मला घरी जावंसं वाटत नाही.

आमचं गाव जामखेडकडचं. दादा बावीस वर्षं राजकारणात होता. गावचा सरपंच, वर जिल्हा परिषदेचा मेंबर, आणि कायम अपक्ष. जुन्या मताचा माणूस. नवं काही आलं की त्याचा पहिला शब्द "थांबा." वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो, त्यानंच मला वाढवलं. चौथीतून शाळा सोडून मी पळालो तेव्हा घरात एकटा तोच रडला, असं वहिनी सांगते.

त्याची वॉर्डातली जागा रिकामी झाल्यापासून लोक माझ्या मागे लागलेत, "आता तू उभा राहा." त्या जागेवर बसायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं, ते सांगतो, पण आधी पारावरचे किस्से.

*

एका इलेक्शनला नगरहून दोन पोरं आली. जीप आणली, भोंगा आणला. म्हणाली, "दादा, तुमचा फोटो द्या, पोस्टर छापून आणतो."

"कशाला?"

"लोकांना तुमचं तोंड कळायला नको का?"

दादा म्हणाला, "ज्याला माझं तोंड ठावं न्हाई, त्यानं मला मत कशाला द्यावं?"

पोरं जेवली आणि भोंगा घेऊन परत गेली. दादानं सबंध गट, गाव न् गाव, पायी फिरून काढला. निवडून आला आणि आठ दिवस गरम पाण्यात पाय घालून बसला. वहिनी म्हणाली, "जीप काय चावत हुती का?"

*

दादाची एक रीत होती. मारुतीपुढं नारळ फोडला की प्रचाराला पहिला जायचा तो विरोधी उमेदवाराच्या घरी. ओट्यावर बसायचा, चहा मागायचा आणि हात जोडून म्हणायचा, "तुमच्या घरातली मतं मला द्या." चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही.

पहिल्या खेपेला समोर वाडीचा एक पाटील उभा होता. दादा येताना दिसला तसा पाटील मागच्या दारानं शेतात पळाला. पाटलीणबाईंनी चहा केला. दादानं कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि निघाला. पाटील पडला. पुढं तो जन्मभर सांगायचा, "मी पळालो तिथंच चुकलो. त्यो चहा पिऊन गेला आन् माझी बायकोच फुटली."

*

नगरला जिल्हा परिषदेच्या सभेत दादा वर्षातून एकदाच बोलायचा. उठायचा, म्हणायचा, "आमच्या नदीवर पूल न्हाई," आणि बसायचा. नऊ वर्षं तेच एक वाक्य. तो उठला की बाकीचे मेंबर आधीच तोंडातल्या तोंडात तेच म्हणायचे.

शेवटी पूल झाला. दादा उठून म्हणाला, "आमच्या नदीवर पूल झाला," आणि खाली बसला. पण गावात आल्यावर स्वतः मात्र खालूनच, नदीच्या पात्रातून चालला.

लोक म्हणाले, "दादा, नऊ वर्षं मागितला तुमीच ना?"

"मागितला. पण एक पावसाळा जाऊ द्या. पाण्यात टिकतोय का बघू, मग वरून जाऊ."

पुढं पावसाळाच आला नाही. दोन वर्षं नदीला पाणी नव्हतं.

*

त्याच दुष्काळातली गोष्ट. रस्त्याच्या कामावर अख्खं गाव खडी फोडायचं, आणि दादाही फोडायचा, मेंबर असून. एक दिवस काम बघायला परदेशी पाहुणा आला, फ्रान्सचा. पांढऱ्या केसांचा म्हातारा. तिकडच्या लोकसभेत तीस वर्षं निवडून येत होता आणि आपल्या खेड्याचा सरपंचही तोच. आमच्या गुरुजींना इंग्रजी येत होतं, म्हणून दोघांच्या मधे ते बसले.

पाहुणा म्हणाला, "मीपण जुन्या मताचा आहे. आमच्या देवळाच्या घंटेला वीज लावायची म्हणत होते. मी लावू दिली नाही."

दादानं विचारलं, "मंग वाजवतं कोण?"

"एक म्हातारा आहे."

"आन् त्यो गेल्यावर?"

पाहुणा म्हणाला, "म्हणून तर मी त्याला रोज तब्येत विचारतो."

दादा लई हसला म्हणे. मग खडीवरची हातोडी बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "तुमाला भाऊ हाय?"

"आहे. दुसऱ्या पक्षात. अकरा वर्षं बोलत नाही."

"कोन बोलत न्हाई? त्यो का तुमी?"

पाहुण्यानं खडीतला एक दगड उचलून बघितला. मग म्हणाला, "आता आठवत नाही."

गुरुजी सांगतात, त्यानंतर दोघं नुसते बसून राहिले. गुरुजींना काही कामच उरलं नाही.

*

दादा उन्हाळ्यात गेला. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. आमची स्मशानभूमी नदीपलीकडं. तिरडी पुलापाशी आली तसा मी खांदा देता देता अडून उभा राहिलो. म्हणालो, "खालून चला."

"येडा झाला का? पूल हाय की."

"पाण्यात टिकलेला पूल त्यानं अजून बघितला न्हाई. खालून चला."

दोघातिघांनी शिव्या दिल्या. पण पुढचा खांदा माझा होता, मी उतरलो. मग सगळेच उतरले. वाळूत पाय रुतत होते. पारावर आता हापण किस्सा झालाय, आणि त्यात येडा मी आहे.

*

आता जो पारावर कुणालाच माहीत नाही, तो किस्सा.

गावात वीज आली तेव्हा मला देवळाशेजारी पिठाची गिरणी टाकायची होती. सरपंच दादा. म्हणाला, "थांब. देवळापाशी खडखड नको." सख्ख्या भावाला परवानगी दिली नाही. माझं डोकं फिरलं. मी घर वाटून घेतलं, मधे भिंत घातली, आणि पुढच्या इलेक्शनला त्याच्याच वॉर्डात त्याच्यासमोर अर्ज भरला.

त्यानं नारळ फोडला आणि रीतीप्रमाणं विरोधकाच्या घरी आला. म्हणजे माझ्या. ओटा एकच, दारं दोन. मी आत होतो. बायकोला म्हणालो, "सांग, घरी न्हाईत." दादाला ते ऐकू गेलं असणारच. तो ओट्यावर बसला, घटकाभर थांबला. म्हणाला, "आला की सांगा, उद्या येतो."

मतदानापर्यंत रोज आला. मी रोज घरी नव्हतो.

निकाल लागला. मी पडलो. दुसऱ्या दिवशी दादा परत आला आणि ओट्यावर बसला. मी आतूनच ओरडलो, "निवडून आलाय ना? आता कशाला आलाय?"

तो म्हणाला, "चहा राहिलाय."

मी दार उघडलं नाही. त्यानंतर दीड वर्ष आम्ही बोललो नाही. तेवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं.

काल मी अर्ज भरला. आज नारळ फोडला. समोर वाडीचा एकजण उभा आहे. पोरं त्याच्या घराच्या वाटेला लागली. मी उलटा वळलो, घरी आलो, माझ्या दारावरून पुढं गेलो आणि शेजारच्या दारापुढं ओट्यावर बसलो.

वहिनीनं आतून विचारलं, "कोन हाय?"

"चहा राहिलाय," मी म्हणालो.

आत कपबशी वाजली. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.