नळाचं विचारायचं राहिलं

इतिहासाच्या निर्णायक घडीला जनता जागी असते. हैद्राबादेत कोठी भागाजवळच्या आमच्या गल्लीपुरतं हे अगदी खरं होतं. सार्वजनिक नळाला पाणी पहाटे यायचं, तेव्हा जनतेला जागं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. छप्पन सालच्या उन्हाळ्यात तेही येईना. बायका अंधारात रांगेत उभ्या राहत आणि उजाडल्यावर रिकाम्या कळशा घेऊन परतत.

हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे तेव्हा नक्की झालं होतं. मराठवाडा मुंबईला, कानडी मुलूख म्हैसूरला आणि शहरासकट उरलेलं आंध्राला. आम्ही कुठंच जाणार नव्हतो. आमच्या भोवतीचं राज्य तेवढं बदलणार होतं.

अशात शहरातल्या आपल्या मराठी समाजाच्या पुढाऱ्यांची सभा ठरली. गल्लीतल्या पुरुषांनी ठरवलं, सभेत उभं राहून नळाचं विचारायचं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ते काम अंगावर घेतलं. ते कोर्टात पेशकार होते. रोज न्यायाधीशापुढं कागद ठेवणाऱ्या माणसाचे पाय पुढाऱ्यापुढं लटपटणार नाहीत, असा सगळ्यांचा समज.

पुढारी उशिरा आले. शेरवानी दिसेनाशी होईपर्यंत गळ्यात हार पडले. मग ते म्हणाले, "नव्या राज्यात पहिली कुऱ्हाड पडेल ती आपल्या मराठी शाळांवर! तुमच्या लेकींच्या हातातली पाटी उद्या हिसकावली जाईल!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अप्पा उभे राहिले आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "शाळा कधी बंद होणार?"

"सावध राहा," पुढारी म्हणाले. या उत्तराला टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी कोरड्या नळापाशी शेजारचे तेलुगू कारकून भेटले. तेही आदल्या दिवशी नामपल्लीला त्यांच्या पुढाऱ्याच्या सभेला गेले होते.

"हमारे वाले बी बहुत डराए, पेशकारसाब. समुंदर किनारे के आंध्रावाले आ रैं, सब नौकरियां खा जाते बोले."

"पानी का पूछे?"

"नै. तुम पूछे?"

अप्पांनी नळाची तोटी उगाच फिरवून पाहिली.

जूनमध्ये माझी थोरली बहीण, अक्का, मॅट्रिकच्या वर्गात जाणार होती. मॅट्रिक होऊन कॉलेजात जायचं, हे तिनं आमच्या घरातल्या कुठल्याही बाईच्या आधी मनात आणलं होतं. कोठीतून जुनी पुस्तकं आणून तिनं त्यांना कव्हरंही घातली होती. अप्पांनी औरंगाबादचं स्थळ पाहिलं. का, तर तिकडं आपली माणसं, आपली भाषा.

"अप्पा, परीक्षा तरी होऊ द्या."

"शाळाच राहणार नाही. परीक्षा कुठली देतेस?"

"शाळा बंद झालेली कुणी बघितली?" आई आतून म्हणाली.

"बघेपर्यंत थांबायचं का?"

अप्पा वाईट नव्हते. जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा. अक्का दोन दिवस जेवली नाही, तेव्हा तेही जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मुहूर्त काढून आले. लग्नाला पाणी टँकरनं आणावं लागलं.

निघताना अक्कानं पुस्तकं माझ्या हातात ठेवली. "तुझी मॅट्रिक येईपर्यंत शाळा टिकली, तर होतील तुला." ती रडली नाही. गाडी हलली तेव्हा अप्पा रडले.

दिवाळीच्या सुमाराला राज्य बदललं. पुढच्या श्रावणात अक्का पंचमीला माहेरी आली. वाळली होती. एकदा सासरच्या स्वयंपाकघरात तिनं चिंचेच्या साराला आमच्याकडच्यासारखं 'चारू' म्हटलं, तर सासूनं सुनावलं, "आमच्यात तेलंगी बोलायची पद्धत नाही." तेव्हापासून ती तिथं फारसं बोलतच नाही म्हणाली. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत ती गप्प बसायला शिकली होती.

ती चहा घेत असताना शाळेची घंटा झाली. आमच्या घरात ती नेहमीच ऐकू यायची. अक्काची बशी हातातच थांबली.

"अप्पा, अजून वाजते."

अप्पांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. "तात्पुरती असेल," ते म्हणाले.

आई उठून आत गेली. अक्कानं उरलेला चहा मोरीत ओतला, आणि पाणी जपून वापरत बशी विसळली.

तिच्याच पुस्तकांवर मी त्याच शाळेतून मॅट्रिक झाले आणि पहिली आले. बक्षीस द्यायला तेच पुढारी आले होते. शाळा आपण वाचवली, असं त्यांनी भाषणात सांगितलं. अप्पांनी टाळ्या वाजवल्या.

बक्षीस पितळी कळशी होती.