खिडकी वाढवा

माझं आणि सासूबाईंचं कधी पटलं नाही, आणि पटावं अशी दोघींपैकी कुणाची इच्छाही नव्हती. मी सांगलीत विश्रामबागेत वाढलेली, जैनाची, नोकरी करणारी. त्या पाटणच्या, उसाच्या रानाच्या, फौजीची बायको आणि फौजीची आई. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली ती इतकीशी, की मुंगीसुद्धा रुसली असती.

सासरे मात्र माझ्या बाजूचे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा भयंकर बोलका माणूस अर्धांगाच्या झटक्यानं मुका झाला. उजवी बाजू गेली, जीभ गेली, डोकं शाबूत राहिलं. मोबाइलवर त्यांचं डावं बोट थरथरायचं, भलतंच अक्षर उमटायचं. म्हणून मी त्यांना कॉम्प्युटर दिला, त्यावर मोठ्या अक्षरांचा मेलचा प्रोग्रॅम बसवला, आणि कीबोर्डवर एकेक बटण शोधत ते पुन्हा बोलायला लागले. पलटणीतल्या दोस्तांना शिव्या, सरहद्दीवरच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हुकूम, आणि मी ऑफिसात पोचायच्या आत मला एखादी चेष्टा. सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. सासूबाईंना इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही. नवरा दिवसभर जगाशी गप्पा मारतोय आणि बायकोला त्यातलं काही कळत नाही. तो राग माझ्यावर निघायचा, आणि मलाही त्यात थोडी गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

मग एकदा त्यांचे मेल यायचे थांबले. मी फोन केला.

"मशीन वाढलंय," सासूबाई म्हणाल्या.

आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. एवढं मलाही ठाऊक आहे. पण सासरे आजारी पडल्यापासून सासूबाईंनी कहर केला होता. त्यांच्या घरात टीव्ही वाढायचा, पंखा वाढायचा, घड्याळसुद्धा वाढायचं. 'बंद', 'संपलं', 'विझलं' हे शब्द उंबऱ्याच्या आत येऊच द्यायच्या नाहीत.

झालं होतं असं. मेलचा प्रोग्रॅम अपडेट होत होता. पाटणचं नेट ते, दुपारी सुरू झालेलं काम तिन्हीसांजेला निम्म्यावर. पडद्यावर 'बंद करू नका' असं इंग्रजीत लिहिलेलं. सासूबाईंनी दिवा लावायच्या वेळी नेहमीप्रमाणे भिंतीवरचं बटण दाबलं.

"बाबांनी थांबवलं नाही का तुम्हाला?"

"टेबल बडवीत हुते की. दिवा लावायच्या वक्ताला ते मशीन डोळ्याम्होरं नगं, म्हनून दाबलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी त्यांना मोबाइल पडद्यासमोर धरायला लावला, व्हिडिओ कॉलवरून दुरुस्ती सुरू केली. प्रोग्रॅम उघडला की एक छोटी चौकट यायची, तिच्यातला मजकूर अर्धाच दिसायचा.

"आई, ती खिडकी वाढवा."

"वाढीवली."

चौकट गायब. पुन्हा उघडायला लावली, पुन्हा म्हटलं वाढवा, पुन्हा गायब. मी ओरडले, "मुद्दाम करताय का तुम्ही हे?"

"तूच म्हंतीस वाढवा. वाढीवली तर वरडतीस. येडी हायस व्हय गं?"

त्या फुलीचं बटण दाबत होत्या. दरवेळी चालू झालेली दुरुस्ती मध्येच तुटत होती, आणि शेवटी तर प्रोग्रॅम उघडेचना. 'मोठी करा' म्हणायला हवं होतं हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. पण तेव्हा मला त्यांचाच राग आलेला होता, आणि तो सोडायची माझी तयारी नव्हती.

रजा टाकून मी कऱ्हाडची एसटी पकडली, तिथून पाटणची. वाटेत काय काय सुनवायचं ते मनात घोकत गेले. दारात सासूबाईंनी तांब्या पुढे केला. सासरे काळ्या पडद्यासमोर खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून त्यांनी डावा हात उचलला आणि तसाच टेबलावर टाकला.

मी आधी जुने मेल पेनड्राइव्हवर काढून घेतले, मोडका प्रोग्रॅम मुळापासून काढला आणि नवा उतरवायला लावला. तो रांगत उतरत होता तोवर माझ्या जिभेला काम नव्हतं.

"त्यांचं तोंड बंद केलंत तुम्ही," मी म्हटलं.

सासूबाई ताठ झाल्या. "त्यो शब्द ह्या घरात काढायचा न्हाई."

"का नाही? बंद ते बंद. तुम्ही बंद केलंत. बंद, बंद, बंद."

त्या मागं सरून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणंही फार गोड नव्हतं.

प्रोग्रॅम उतरला. पासवर्ड सासऱ्यांनी स्वतः टाकला. अडकून पडलेले मेल धबाधब येऊन पडले, दोस्तांचे, मुलाचे, 'सुभेदार, कुठे आहात' असे. मला वाटलं आधी ते वाचतील. पण त्यांनी नवा मेल उघडला आणि एक एक बटण शोधायला लागले. बराच वेळ लागला. मग माझा मोबाइल वाजला. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसानं मला मेल पाठवला होता.

"तिला बोलू नकोस. मी वाढलो की मग बोल."

माणसाला कुणी हा शब्द लावत नाही. सुभेदारांनी लावला होता, आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ते चक्क हसत होते. मी मोबाइल पालथा ठेवला.

"काय म्हनत्यात?" दारातून सासूबाईंनी विचारलं.

"चहा मागताहेत."

"च्या मागायला त्यास्नी मशीन लागत न्हाई."

त्या पुढं आल्या. पडद्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, तो हसणारा अर्धा ओठ, मग न हसणारा. त्यांनी पदरानं त्यांची लाळ पुसली आणि माझ्याकडे वळल्या.

"मरायचं बोलले न्हवं?"