करवंदीतली फुलोरी

काका पेटती चूड करवंदीच्या जाळीत घालणार, तेवढ्यात काकीने त्यांचा हात धरला.

आज आमच्या कलमांच्या बागेत बेणणी चालू होती. गवत काढताना जाळीत मधमाश्यांचं पोळं दिसलं.

"सोड गो! गेल्या वर्षी आग्याने माझ्या तोंडाचा फणस केलान."

"ती आग्या. वर आंब्यावर, सुपाएवढं पोळं. आणि दगड तुम्हीच मारलात. ही फुलोरी. तळहाताएवढं पोळं, उगाच डसत नाय. जाळलात तर मोहरावर कोण बसणार? तुम्ही?"

गडी हसले. काकांनी चूड मातीत विझवली.

आग्या आणि फुलोरी बहिणीच. दोघींचं पोळं एकाच पदराचं आणि उघड्यावर, म्हणून आगीत दोघीही सहज जातात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण काकांचा हात धरला तो काकीने. काकी चौथी शिकलेली. आज तिचा फार अभिमान वाटला.

तुमच्या बागेत असं पोळं सापडलं तर तुम्ही आधी काय करता?

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितोय: करवंदीभोवतीचं गवत काकांनी तसंच ठेवलंय. गड्यांना लांबूनच सांगतात, "तिकडे नको रे, आमची फुलोरी आहे."