टक्केताईचा चढता आकडा

ऑफिसात तिला सगळे टक्केताई म्हणायचे. शिक्षण धोरणाच्या संशोधनात उभा जन्म गेलेला, चहा फुळकवणी निघाला तरी ही म्हणणार, "साखर वीस टक्के कमीच!" शाळाशाळांतून फिरायचं, पोरांकडून चार ओळी वाचून घ्यायच्या आणि किती जणांना वाचता येतं ते सरकारला कळवायचं, हे तिचं काम. आकडा वर्षागणिक चढत होता. त्यावर मंत्र्यांनी भाषणं ठोकली, संचालकांना बढती मिळाली, आणि हिला? गुडघेदुखी. पण पोरं वाचायला लागलीत, यातच तिला सगळं मिळायचं हो!

एकदा भावाकडे तिला खोकल्याची उबळ आली. चौथीतली भाची दोन बाटल्या घेऊन धावत आली.

"खोकल्याची कुठली? वाच बघू."

पोरीने झाकणं काढून वास घेतला. "ही."

"अगं, वास काय घेतेस? वाच ना!"

"मला नाही येत वाचायला."

"तुझ्या शाळेत तर मी दरवर्षी येते!"

"तू येतेस तेव्हा आम्हा कच्च्या मुलांना सुट्टी असते ना, आत्या. बाई आदल्या दिवशीच सांगतात, उद्या येऊ नका."

टक्केताईच्या पायाखालची जमीनच सरकली. कामात नातं आणायचं नाही म्हणून तिने शाळेत भाचीची कधी चौकशीही केली नव्हती. आणि शाळांना आधी कळवून जायची पद्धत तर तिनेच पाडलेली. का, तर शिक्षकांची धांदल नको! कसलं कौतुक त्या आकड्याचं, जळलं मेलं ते!

सकाळीच तिने संचालकांना गाठलं. "साहेब, यापुढे न कळवता जाऊ या."

"आणि आकडा गडगडला म्हणजे?" संचालक हसले. "एका पोरीवरून धोरण ठरत नसतं, बाई. तुम्हीच शिकवता ना नव्या लोकांना?"

शिकवत होती खरी, घसा ताणताणून. ती भांडली, रडली, शेवटी मूग गिळून बसली. निदान आपली पोर तरी वाचेल, म्हणून दर रविवारी भाचीला घेऊन बसू लागली.

पुढच्या तपासणीला भाची पहिल्या बाकावर होती. तिने चारही ओळी घडाघडा वाचल्या. टक्केताईचे डोळे भरून आले.

"आत्या, यंदा बाईंनी मला येऊ दिलं!"

शेजारची जागा रिकामी होती. "इथे कोण बसतं गं?"

"माझी मैत्रीण. तिला आज सुट्टी."

टक्केताईने भाचीच्या नावापुढे बरोबरची खूण केली. त्या वर्षी आकडा आणखी चढला.